सोळा नंबरचे चार पट्टे

जरा पुढे सरका. दाराशी चपला सांभाळत काय बसलात? आत या, नीट मांडी घाला. आणि आल्या आल्या ओरडते म्हणून राग मानू नका. तुम्ही माणसं पोहायच्या तलावावर जाता, पाणी गार आहे म्हणता, औषधाचा वास मारतो म्हणता, बायकांच्या बाजूला आरसा लहान आहे म्हणून वहीत तक्रार लिहिता. मी अठ्ठावीस वर्षं ती वही सांभाळली. त्यात एकानेही कधी लिहिलं नाही की तळ किती स्वच्छ आहे हो. आमच्या तलावात आठ फुटांवर चार आणे पडले तर वरून छापा की काटा ते कळायचं. ते काय आपोआप होत होतं?

ज्यांच्यामुळे होत होतं ते काहीही बोलायच्या आधी उजवा तळहात पुढे करायचे. पंपाची नळी असो, स्टोव्हची वात असो, रेशनचा तांदूळ असो, नाहीतर तापलेल्या पोराचं कपाळ. हात तिथे टेकवायचा, डोळे अर्धे मिटायचे, आणि मग काय ते सांगायचं. दुसऱ्या कुणी आधीच तोंड उघडलं की म्हणायचे, "आधी हात लावन बघ, मगे बोल."

नाव सांगत नाही. आपलं नाव चार लोकांत घेतलेलं त्यांना आवडायचं नाही. तलावावर सगळे त्यांना फिटर म्हणत, मी दादा म्हणायची. तुम्हीही दादाच म्हणा.

गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष होतं. आमची खोली लालबागला. आमचे हे मिलच्या साळखात्यात, मागावर होते. चार-सहा महिने त्यांनी वाट बघितली, मग मिलचा बिल्ला ट्रंकेच्या तळाशी टाकला आणि भायखळ्याला भाजीच्या पाट्या उचलायला लागले. मी शेजारणीच्या ओळखीने दादरच्या बाजूला एका संस्थेच्या तलावावर लागले. बायकांच्या बाजूला कपड्यांच्या टोपल्या द्यायच्या, टोपी घाला गं म्हणून ओरडायचं, ओली लादी पुसायची. मला पोहता येत नाही. आजही येत नाही. पाण्याच्या काठावर जन्म काढला, पण गुडघ्याच्या वर पाणी लावून घेतलं नाही.

त्याच महिन्यात दादा आले. तळ घासायला हंगामी माणूस हवा होता. लांब बांबूला ब्रश लावून काठाकाठाने चालत घासायचं, हे काम. पहिल्या दिवशी पंपवाल्याने मोटर चालू केली, तर दादांनी ब्रश बाजूला ठेवला, पंपाच्या खेचीच्या नळीचं तोंड पाण्याखाली धरलं आणि त्यावर तळहात दाबला. पंपवाला म्हणाला, अहो फिटर, हात कशाला, दाबाचा काटा लावलाय ना त्याला. दादा म्हणाले, काटा खोटं बोलतो, कुठेतरी हवा घुसतेय. दुपारपर्यंत त्यांनी ती फट शोधून काढली. पंपाच्या तोंडाशी कचरा अडवणारा जाळीचा डबा असतो, त्याच्या झाकणाखालचं रबर वाळून तडकलं होतं.

हे हाताचं वेड मिलचं. गिरणीत ते सूतखात्यात होते. सूत कातणाऱ्या फ्रेमवर धागा सारखा तुटत असतो. तुटलेला कापूस खात्यात उडू नये म्हणून प्रत्येक धाग्याखाली एक बारीक नळी असते, तिच्यातून वारा तो कापूस आत खेचून पेटीत नेऊन टाकतो. त्या वाऱ्याची राखण दादांकडे. सकाळी पाळीला गेलं की फ्रेमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नळ्यांच्या तोंडांवरून तळहात फिरवत जायचं. कुठे खेच कमी झाली ते हाताला कळायचं. इतकी वर्षं फिरवून फिरवून त्यांचा तळहात गुळगुळीत झाला होता. घरी मी हे सांगितलं, तर आमच्या ह्यांना विषयच मिळाला. मी दमून आले की पाट्या उचलून आलेला हा माणूस आडवा पडल्या पडल्या विचारायचा, "आज काय काय हात लावून बघितलं तुझ्या फिटरने?" मी पदर आपटून स्टोव्ह पेटवायला घ्यायची.

दादा राहायला परळला होते, एका खानावळीच्या गाळ्यात. बारा माणसं, बारा वळकट्या, भिंतीवर बारा खुंट्या. वहिनी आणि मुलगी गावी, मालवणच्या अलीकडे कुठेतरी. बाईमाणसाला आणायची सोय त्या गाळ्यात नव्हतीच. विचारलं की म्हणायचे, मिल सुरू झाली की जागा बघतो. मिल सुरू झाली की. हे पालुपद तेव्हा आमच्या सगळ्या आळीचंच होतं, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही.

मग ते यंत्र आलं. आमचे एक सभासद होते, परदेशी जाऊन येऊन असायचे. त्यांनी संस्थेला भेट दिलं. केवढा खोका. आत निळी नळी, तुकड्या-तुकड्यांची, आणि पोळपाटाएवढी रबराची चकती लावलेलं एक तिरकं डोकं. साहेबांनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांनी, सगळ्यांना जमवून सांगितलं की हे पाण्यात सोडायचं आणि आपण चहा प्यायचा, ते आपलं आपण तळ झाडतं. माझं लक्ष दादांकडे गेलं. ते ब्रशच्या बांबूला टेकून ऐकत होते. आपोआप झाडणारं आलं म्हणजे झाडणारा गेला, हे गिरणीतल्या माणसाला काय शिकवायला लागतं?

पण ते यंत्र सोडलं आणि घाण्याच्या बैलासारखं एका कोपऱ्यात गोल गोल फिरत राहिलं. पुढच्या दिवशी तेही नाही, नुसतं बसून राहिलं. आठवड्याने साहेब वैतागले आणि ते जिन्याखाली टाकलं. दादांनी ते मागून घेतलं. बघा हं, आपल्या पोटावर पाय देणारी वस्तू माणूस मागून घेतो. मी तसं बोललेही. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. आधी हात लावन बघ.

पंपहाऊसच्या मागे गोणपाट अंथरून त्यांनी ते सोडलं. मला आधी आश्चर्य वाटलं की आत मोटारच नाही. तार नाही, सेल नाही, काही नाही. एक पोकळ घर, आणि त्यात जीभ लटकावी तशी एक झडप. मी म्हटलं, मग हे चालतं कशावर?

"चाळीतलो नळ फटकन बंद केलंस की पाइप कसो ठणकता? तसां." मग हातात धरून त्यांनी मला दाखवलं, पोराला शिकवावं तसं. तिकडे लांब पंप खेचतो, त्या खेचीने नळीतून पाणी धावतं. धावत्या पाण्याने ही झडप ओढली जाऊन मिटते. मिटली की नळीतलं सगळं पाणी जागच्या जागी अडतं आणि त्याचा धक्का बसतो, ठक. त्या धक्क्याने डोकं दोन बोटं पुढे सरकतं. सरकलं की झडप मोकळी होते, पाणी परत धावतं, परत ठक. खालची चकती तळाला चिकटून राहते, म्हणून ते तरंगत नाही. चकतीच्या कडेला खाचा ठेवलेल्या, त्यातून कचरा आत जातो. खाचा नसत्या तर ते एकाच जागी घट्ट चिकटून बसलं असतं. एवढंच. लाकडी बाहुली पुढे सरकवावी तितकं साधं, आणि तितकंच नाजूक.

बिघाड यंत्रात नव्हताच. नळी खोक्यात गुंडाळून आली होती, ती वळण धरून बसली होती, म्हणून बैल गोल फिरत होता. दादांनी ती गच्चीवर उन्हात सरळ ताणून वाळत घातली, चांगली तीन दिवस, वर विटा ठेवून. नळी अपुरी होती. तिला जोडायला रे रोडच्या भंगारवाल्याकडून बोटीवरच्या नळीचा तुकडा आणला, अगदी त्याच मापाचा, सांधा लावून. आणि सोडायच्या आधी नळी टोकापासून हळूहळू पाण्यात बुडवत आतली हवा काढायची, शेवटचा बुडबुडा येईपर्यंत. हे कुणी केलंच नव्हतं. नळीत हवा असली की पंप नुसता धापा टाकतो.

मग तळहात लावला, डोळे मिटले, आणि डोकं पाण्यात सोडलं. ठक ठक ठक ठक. ते निघालं. एका भिंतीला गेलं, थोडं चढलं, घसरलं, वळलं, दुसऱ्या दिशेला लागलं. त्याच्या मागे फरशी उजळत गेली, मळक्या पाटीवरून ओला बोळा फिरवावा तशी पट्ट्यापट्ट्याने. काठावर दादा उकिडवे बसले होते. मला वाटलं ते आता हसतील. ते ऐकत होते. बराच वेळ ऐकून म्हणाले, खात्यात असाच आवाज, फक्त हजार पटीने.

त्यानंतर ते यंत्र त्यांचंच झालं. त्याला दुसऱ्या कुणी हात लावला की मार्गच चुकायचं. रोज सकाळी दार उघडायच्या आधी दीड तास ते चालायचं. लोक उतरायच्या आधी नळी काढून, भिंतीतल्या खेचीच्या भोकावर जाळीचं झाकण बसवून, ते झाकण हाताने ओढून बघितल्याशिवाय दादा मला दार उघडू द्यायचे नाहीत. बाहेर सभासद घड्याळ दाखवत उभे. मी आतून ओरडायची, दादा झालं का? तिकडून फक्त झाकण ओढल्याचा आवाज. एखाद्या मुलीचे केस त्या भोकाशी गेले तर काय होईल, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. त्यानंतर मी घड्याळवाल्यांना जुमानलं नाही.

साहेब खूश होते. त्यांनी दादांना कायम करायचं ठरवलं. कायम माणसाला पंपहाऊसमागची खोली मिळायची. दहा बाय बारा, स्वतःचा नळ, पुढे कडीपत्त्याचं झाड. मला तर इतका आनंद झाला की मी मनातल्या मनात वहिनींचा ओटाही लावून टाकला. छापील अर्ज आला. चौथीपर्यंतच शिकले तरी मीच तो मोठ्याने वाचला, कारण दादांचा चष्मा खानावळीत राहिला होता. नाव, गाव, वय सगळं ठीक. शेवटची ओळ होती: इतर कुठल्याही आस्थापनेच्या हजेरीपटावर माझं नाव नाही, हे मी लिहून देतो.

"ह्यां खोटां आसा," दादा म्हणाले, आणि पेन खाली ठेवलं.

मी डोक्याला हात लावला. अहो, मिलचं दार बंद, हजेरीपट उंदरांनी खाल्ला असेल, कसलं नाव आणि कसलं काय. त्यांचं एकच, मी राजीनामा दिलेला नाही, माझा नंबर तिथे आहे. साहेबांनी समजावलं, पंपवाल्याने समजावलं. शेवटी साहेब म्हणाले, राहू दे हंगामी, मन बदललं तर सांगा. तो कोरा अर्ज मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तक्रारवहीच्या खाली ठेवला. म्हटलं आज ना उद्या. दर वर्षी मे महिन्यात दादा पंधरा दिवस गावी जायचे, परत यायचे, आणि मी विचारायची, अर्ज काढू का? ते यंत्राकडे बघत म्हणायचे, बघूया.

नुसतं नंबराचं नव्हतं, हे मला दोनेक वर्षांनी कळलं. यंत्रातली झडप ज्या रबरी पट्टीवर लटकलेली असते ती पट्टी फाटली. परदेशातून मागवायची तर कुणाला सांगणार, ते सभासद तर कायमचे तिकडेच गेले. दादांनी सायकलची ट्यूब कापून लावली, ती औषधाच्या पाण्याने आठ दिवसांत लिबलिबीत झाली. माझ्या चपलेचा पट्टा लावला, तो जाड, झडप मिटेचना. छत्रीचं कापडसुद्धा लावून बघितलं. एकदा पान्हा शोधायला मी त्यांची पिशवी उघडली, तर बिस्किटाच्या डब्यात मऊ फडक्यात गुंडाळलेल्या चार रबरी बांगड्या. बोटभर रुंद, पातळ, काळपट, काय सुंदर रबर. मी म्हटलं, हे काय, घरात सोनं आणि पितळेला कल्हई? हे लावा की.

त्यांनी माझ्या हातातून डबा काढून घेतला. रागाने नाही, पण काढून घेतला. "तो मिलचो माल आसा. परत देवचो आसा."

मग सांगितलं. फ्रेमवर कापसाची वात बारीक करत नेणारे रोलर असतात, त्यांच्यावर हे पट्टे चढवलेले असतात. संपाच्या आदल्या दिवशी दादा सोळा नंबरच्या फ्रेमवर जुने पट्टे काढून नवे घालत होते. चार राहिले आणि पाळी सुटली. उद्या पहिल्या प्रथम हेच घालू, म्हणून त्यांनी ते खिशात टाकले. कोठारात परत करायला हवे होते, तो नियम. दरवानाने ओळखीचे म्हणून झडती घेतली नाही. त्या उद्याला मिलचं दार उघडलंच नाही. म्हणजे दादांच्या हिशेबी सोळा नंबरच्या फ्रेमवर चार जागा मोकळ्या होत्या, आणि त्या भरायचं काम त्यांच्या खिशात होतं. मिल चालू होईल तेव्हा बाकीच्या फ्रेमा फिरतील, सोळा नंबर त्यांच्यावाचून अडेल. अशा माणसाने लिहून कसं द्यायचं, की माझा तिथे काही संबंध नाही?

माझ्या नवऱ्याने बिल्ला ट्रंकेत टाकला तेव्हा मला बरंच वाटलं होतं, घर चालायला लागलं होतं. पण त्या दिवशी घरी जाऊन मी ट्रंक उघडली आणि तो बिल्ला पुसून ठेवला.

यंत्र पुन्हा जिन्याखाली गेलं. दादांनी बांबू उचलला आणि काठाकाठाने घासायला लागले. ज्याच्यामुळे ते यंत्र चाललं असतं तो डबा पिशवीत, पिशवी खुंटीला, आणि खाली ते घासतायत. किती वर्षं? मी मोजली नाहीत. त्यांचे खांदे वाकले तेवढी.

एका मे महिन्यात ते गावी गेले नाहीत, म्हणून वहिनीच मुलीला घेऊन आल्या. उतरल्या आमच्याकडे. ताठ बाई, नाकात मोत्याची चमकी, बोलणं दोन शब्दांचं. मी त्यांना तलाव दाखवायला नेलं. पंपहाऊसमागची खोली त्यांनी खिडकीतून बघितली, नळ सोडून बघितला, कडीपत्त्याची दोन पानं चुरगळून वास घेतला. यंत्र कसं चालतं ते मुलीला बघायचं होतं. दादांनी फाटक्या पट्टीला दोरा बांधून ते पाचेक मिनिटांपुरतं चालवलं. वहिनी पदर खोचून काठावर उभ्या राहिल्या. निळी नळी भिंतीतून निघून पाण्यावर तरंगत गेली होती आणि दुसऱ्या टोकाला ते डोकं ठकठकत होतं.

"नळी थंय बांधलेली, नि ह्यां हंय फिरता," वहिनी म्हणाल्या. "अगदी तुमच्यासारखां."

दादा हसले. मीही हसले. वहिनी हसल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांना लालपरीवर बसवून दिलं. जाताना मुलीला पुढे पाठवून त्यांनी माझा हात धरला. त्या काही मागतील असं वाटलं. म्हणाल्या, त्यांना चहा जास्त देऊ नका, पित्त होतं.

संपाला दहाएक वर्षं उलटली असतील. मिलच्या यंत्रांचा भंगारात लिलाव होणार, अशी बातमी आळीत फिरत होती. बातम्या कायमच फिरायच्या. एका सकाळी दादा वेळेवर आले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आठ वाजले, नऊ वाजले, मी दार उघडून लोकांना आत घेतलं. साडेदहाला ते आले. धोतराच्या सोग्यावर गंजाचे डाग. त्यांनी जाळीच्या डब्याशी बसून आपण होऊन सांगितलं, खालच्या आवाजात, दुसऱ्याच्या घरातली गोष्ट सांगावी तसं. मिलच्या दाराशी ट्रक उभे होते. फ्रेमा कटरने कापून भरत होते. एका तुकड्यावर रंगाने घातलेला आकडा दिसला, सोळा. दादांनी डबा पुढे करून तिथल्या दरवानाला सांगितलं की या फ्रेमचे चार पट्टे माझ्याकडे राहिलेत, जमा करून घ्या. तो नवा, पोरगेला. तो हसला नाही, हे दादांनी मुद्दाम सांगितलं. त्याने डब्यात बघितलं आणि म्हणाला, चाचा, हे घ्यायला आत आता कोणी नाही.

"मगे?" मी विचारलं.

"मगे ट्रकात चढून हात लावन बघितलंय," दादा म्हणाले. "थंड होती."

दुपारी तलाव रिकामा झाल्यावर त्यांनी गोणपाट अंथरलं. जिन्याखालून यंत्र काढलं. डब्यातून एक पट्टा काढला, तळहातावर ठेवला, आणि कात्री माझ्याकडे दिली. मी म्हटलं, मी कशी कापू, मला माप कळत नाही. त्यांनी नखाने खूण करून दिली. मी कापला. कचकन आवाज झाला, बांगडी उलगडली आणि सरळ पट्टी झाली. ती त्यांनी झडपेला बसवली. नळीतली हवा काढली, शेवटच्या बुडबुड्यापर्यंत. यंत्र पाण्यात गेलं, आणि काय सांगू तुम्हाला, नवं असतानाही असं चाललं नव्हतं. ठक ठक ठक ठक, एका चालीत. आम्ही दोघं काठावर बसलो होतो. ते या टोकाला आलं, त्या टोकाला गेलं. दादांनी तोंड पुसलं, पाणी उडालं होतं म्हणायला हरकत नाही.

मग म्हणाले, "बाये, तो अर्ज आसा काय अजून?"

होता. वहीच्या खाली, पिशवीत. कडा पिवळ्या झाल्या होत्या. शेवटच्या ओळीवर ते जरा थांबले आणि मग सही केली, एकेक अक्षर कोरल्यासारखी.

साहेबांनी मंजूर केला. दादांच्या नोकरीची साडेतीन वर्षं उरली होती, पण खोली मिळाली. त्यांनी स्वतः चुना लावला, फळी ठोकली, कडीपत्त्याभोवती आळं केलं. गावी पत्र टाकलं, या म्हणून. मी एक कढई आणि पोळपाट-लाटणं घेऊन ठेवलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. मीच वाचून दाखवलं. मुलीचं लग्न ठरलंय, कार्य दिवाळीनंतर आहे, सासूबाई अंथरुणाला आहेत, त्यांना टाकून येणं होत नाही, आंब्याची कलमं नुकती धरली आहेत. शेवटी लिहिलं होतं, इतकी वर्षं मी आले असते. आता तुम्हीच या.

दादांनी पत्र घडी करून बिस्किटाच्या डब्यात ठेवलं, उरलेल्या तीन पट्ट्यांवर. साडेतीन वर्षं त्या खोलीत एकटे राहिले. रोज झाडायचे. कढई त्यांनी एकदाही चुलीवर ठेवली नाही, म्हणायचे, नवी राहू दे.

निवृत्त होऊन ज्या दिवशी गावी गेले त्या दिवशी सकाळी नेहमीसारखं यंत्र चालवलं. मग मला बोलावलं आणि पंप चालू असताना नळीचं तोंड पाण्याखाली धरून माझा हात त्यावर ठेवला. माझा तळहात सुळकन आत ओढला गेला, मी घाबरून हात काढला. त्यांनी परत ठेवला. कमी असली की अशी लागते, जास्त असली की अशी, हवा घुसली की हाताखाली गुदगुल्या होतात. तीनदा करून घेतलं. मग डबा माझ्या ओटीत दिला. एक पट्टा सहा वर्षं जाईल म्हणाले. मी म्हटलं, मग तीन संपायच्या आत या. ते हूं म्हणाले.

पहिला मी जुन्या पट्टीवर ठेवून कापला, दोनदा काढून परत बसवला. दुसरा एकदाच बसवला. पाण्यात न उतरलेली बाई तलावाचा तळ झाडायची, सभासद हसायचे. हसू देत. भोकावरचं झाकण ओढून बघितल्याशिवाय मी एकदाही दार उघडलं नाही.

मी निवृत्त झाले तेव्हा संस्थेने नवं यंत्र आणलं. त्याला स्वतःची मोटार आहे, नळी नाही, कुठे बांधलेलं नाही. चांगलं आहे म्हणतात. जुनं भंगारात जाणार होतं, ते मी रिक्षात घालून घरी आणलं. हे बघा, माझ्या खाटेखाली आहे. आमचे हे होते तोपर्यंत म्हणायचे, फिटर गेला आणि त्याचं पोर आपल्या घरात ठेवून गेला. आता म्हणायला तेही नाहीत.

दादा दर दिवाळीला मुलीच्या फोनवरून बोलायचे. पहिला प्रश्न, खेच कशी आहे? मी म्हणायची, हात लावून बघितली, ठीक आहे. मग वहिनी बोलायच्या, कलमांना किती आंबे आले ते सांगायच्या. या दिवाळीला फोन आला नाही. मी केला, तो लागला नाही. डोंगराच्या आड गाव, रेंज नसते तिकडे. तसंच असेल.

तुम्ही सुट्टीत त्या बाजूला जाता, मासे खायला, समुद्र बघायला. मालवणच्या अलीकडे एखाद्या घरापुढे कलमं असतील, आणि पाण्याच्या पाइपला हात लावून बसलेले म्हातारे दिसतील, तर माझा निरोप सांगा. म्हणावं, दादा, चारातला एक उरलाय. फडक्यात आहे. काल काढून तळहातावर ठेवला, अजून मऊ आहे. तो मी कापणार नाही, त्याला तरी माप तुमच्या नखाचं हवं. कढईही नवीच आहे. वहिनींना घेऊन या, आणि जरा लवकर या.